हजेरी घेताना मान वर करून बघणारे शिक्षक

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात एकच विषय घोळतोय म्हणून धागा काढतोय. शाळेत आपल्याकडं कुणाचं लक्ष आहे, की आपण असलो काय नि नसलो काय सारखंच, हे पोरांना फार लवकर कळतं. आणि एकदा कळलं की त्या पोराचं शाळेशी कसं जमणार ते तिथंच ठरतं, असं माझं पक्कं मत झालंय.

निमित्त माझ्या भाचीचं. सातवीत आहे, कोल्हापुरातल्याच एका अनुदानित शाळेत. पावसाळ्यात तिला कावीळ झाली, बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. बहिणीनं वर्गशिक्षिकेला व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर काही आलं नाही. बरी होऊन पोरगी शाळेत गेली. वह्या तपासताना बाईंनी विचारलं, "एवढी पानं कोरी का?" ही म्हणाली, "आजारी होते." बाई म्हणाल्या, "कधी?"

बाई रागावल्या नाहीत, शिक्षा केली नाही, दुसऱ्या मुलीची वही घेऊन पूर्ण कर म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडं वळल्या. पण घरात आल्यावर पोरगी म्हणाली, "मामा, मी नव्हते हे बाईंना माहितीच नव्हतं." तेव्हापासून रोज सकाळी दप्तर भरायच्या वेळेला पोटात दुखतं. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं, कावीळ पूर्ण गेलीय.

मी स्वतः महापालिकेच्या शाळेत शिकलो. वडील फौंड्रीत कामाला, घरात ओढाताण, त्यामुळं मी पहाटे बिंदू चौकात जाऊन पेपरचे गठ्ठे उचलायचो आणि लाईन टाकून तसाच शाळेत. पहिल्या तासाला डोळे मिटायचेच. आमच्या बाईंनी एक-दोनदा बघितलं आणि मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारलं, "किती वाजता उठतोस रे?" एवढंच. दुसऱ्या दिवसापासून पहिल्या तासाची सगळी कामं माझ्याकडं आली. खडू आण, फळा पूस, पटाचा कागद ऑफिसात देऊन ये, खिडक्या उघड. हिंडत राहिलो की झोप उडायची. वर्गात कुणालाच कळलं नाही हे का चाललंय. मलाही ते फार मोठेपणी उमगलं.

तुमचं शाळेतलं सांगा. चांगलं सांगा, वाईटही सांगा. फक्त तक्रार लिहिताना शाळेचं आणि शिक्षकांचं नाव घालू नका.

गारगोटी_रोड

दादा, भाचीचं वाचून लई वाईट वाटलं. तिला म्हणावं, तुझं पोट खोटं दुखत नाही.

आमचं गाव भुदरगड तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. गावात झेडपीची शाळा, गुरुजी दोनच. सातवीनंतर हायस्कूल लांब, एसटीनं जायला लागायचं. आमच्यात ठरलंवतं, पोरगीला सातवी बास. हे गुरुजींच्या कानावर गेलं. ते घरात आले नाहीत, रानात आले. भाताची रोपलावण चाललीवती. गुरुजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बांधावर चपला काढल्या आणि रोपाची पेंडी घेऊन आबांच्या शेजारी लावत सुटले. आबा म्हणाले, "गुरुजी, तुम्ही कशाला चिखलात?" गुरुजी म्हणाले, "पोरगीच्या दाखल्याचं बोलायचंय, काम करत करत बोलू." आणि लगेच बोललेच नाहीत. आधी पावसाचं बोलले, खताचं बोलले. अर्धं वावर झाल्यावर विषय काढला. गावाकडच्या मुलींना एसटीचा पास फुकट असतोय हे आबांना माहिती नव्हतं. आणि शेजारच्या वाडीतली पोरगीबी त्याच गाडीनं जाणार, तिच्या बापाशी बोलणं झालंय, दोघी जोडीनं जातील येतील, हे गुरुजींनी सगळं आधीच जुळवून आणलंवतं. आबांना नाही म्हणायला जागाच ठेवली नाही त्यांनी.

हायस्कूलात मात्र मी तीन वर्षं "ए, खिडकीजवळची" होते. एका सरांना शेवटपर्यंत माझं नाव माहिती नव्हतं. वाईट वागले असं नाही. पण त्यांच्या विषयात मी कधी हात वर केला नाही, कारण ते नावानं हाक मारणारच नव्हते. आज मी आरोग्यसेविका आहे. घरोघरी जाते तेव्हा आधी नाव विचारते आणि वहीत लिहून घेते, मग बाकीचं.

पेठेतला

गुरुजी चिखलात उतरले तिथंच काम झालंवतं ताई. डोळ्यांपुढं उभं राहिलं.

खडूची_पेटी

मी अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवतो, बरीच वर्षं झाली. उद्यमनगरकर, तुमच्या भाचीच्या बाईंची बाजू मी घेत नाही. "कधी?" हा प्रश्न मलाही टोचला. पण शिक्षक असा होतो कसा, ते आतून बघितलंय म्हणून सांगतो.

शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला ३० मुलांमागं एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागं एक असं प्रमाण ठरवलंय. कागदावर ते शाळेचं मिळून बसतं. प्रत्यक्षात शहरातल्या नावाजलेल्या शाळेत एका तुकडीत साठाच्या वर मुलं असतात आणि विषय शिक्षक पाच-सहा तुकड्यांवर हिंडतो. म्हणजे आठवड्यात तीनशेच्या वर चेहरे. वर युडायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर शाळेची नि मुलांची माहिती भरणं, आधार जुळणी, पोषण आहाराच्या नोंदी. त्याच कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम द्यायचं नाही. पण निवडणुकीच्या नावाखाली बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं, काम वर्षभर पुरतं. तास संपायच्या आधी मोबाईलवर मेसेज येतो, अमुक माहिती आज दुपारपर्यंत भरा. वर्गात मुलं समोर असतात आणि मान खाली मोबाईलमध्ये असते.

पगाराचंही बोलतो. शिक्षणसेवकाला, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर असलेल्या नव्या शिक्षकाला, २०२३ सालापर्यंत महिन्याला सहा ते नऊ हजार मानधन होतं, त्या वर्षी ते प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिकला अनुक्रमे १६, १८ आणि २० हजार झालं. विनाअनुदानित तुकडीवर तर वर्षानुवर्षं काहीच हातात न पडता शिकवणारी माणसं माझ्या स्टाफरूममध्ये बसलेली आहेत. सकाळी शाळा, दुपारी शेती नाहीतर दुकान. त्यातली काही अजूनही मुलांवर जीव लावतात, आणि काहींचं मन कधी विझलं ते त्यांनाही कळलं नाही. दमलेला माणूस आणि बेफिकीर माणूस यात फरक आहे, पण बाकावर बसलेल्या पोराला तो दिसत नाही. त्याला फक्त न बघणारे डोळे दिसतात.

वसतिगृह_खोली_७

सर, तुमचं सगळं मान्य. पण एक विचारतो. दमलेला शिक्षक नेमकं कुणाचं नाव विसरतो?

आमच्या वर्गात डॉक्टरांचा मुलगा होता, संस्थेच्या संचालकांची पुतणी होती. त्यांची नावं, त्यांच्या घरची माणसं, त्यांची आजारपणं सगळ्या शिक्षकांना पाठ. लक्ष कमी पडतं तेव्हा ते सगळ्यांना सारखं कमी पडत नाही. आधी मागच्या बाकांवरचं काढून घेतलं जातं, आणि मागच्या बाकांवर कोण बसतं हे आपल्याला माहिती आहे.

वर्षातून एकदा एक सर वर्गात यायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "स्कॉलरशिपवाले उभे रहा." आम्ही पाच-सहा जण उभे. पन्नास डोळे आमच्याकडं. सर यादीवर खुणा करायचे, जातीचा दाखला आणला का, उत्पन्नाचा आणला का, एकेकाला सगळ्यांसमोर विचारायचे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, फॉर्मची तारीख गाठायची होती. पण तेवढ्या वेळात वर्गातल्या प्रत्येकाला आमची जात कळायची आणि मधल्या सुट्टीत डबा खाताना ती दिसायची. नववीत वर्गशिक्षिका बदलल्या. त्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या वर्गाला, म्हणजे सरसकट सगळ्यांना, एकेक करून टेबलाजवळ बोलावलं. जन्मतारीख, पत्ता, घरचा फोन असं विचारत विचारत माझा फॉर्म तिथंच भरून घेतला. बाकीच्यांना वाटलं हेच सगळ्यांचं चाललंय. तेच सरकारी काम, तोच फॉर्म, वेळही फार जास्त गेला नाही.

ज्या गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांबरोबर बसवायचा हुकूम काढला, त्या गावात हे लिहावं लागतंय याचा त्रास होतो. मुलं एका खोलीत आणायचं काम महाराजांनी केलं. त्या खोलीत कुणाला कसं उभं करायचं हे शिक्षकाच्या हातात आहे.

गारगोटी_रोड

हे वाचून गप्प बसले. त्या नववीच्या बाईंना माझा नमस्कार.

जुना_विद्यार्थी

सगळ्यांचं वाचलं. माझं मत थोडं वेगळं. आमच्या वेळी सर छडीनं फोडून काढायचे, पण जीवही तेवढाच लावायचे. आम्ही पहाटे तालमीत जायचो, तिथं वस्तादही मारायचे. आज आम्ही घडलो ते त्यामुळंच. आता शिक्षकांना हातच लावता येत नाही, मग ते म्हणतात मरू दे, आपण पगाराशी मतलब ठेवू. बेफिकिरी तिथून आली.

खडूची_पेटी

दादा, तुमच्या सरांबद्दल आदर ठेवून सांगतो. ते जीव लावायचे म्हणजे काय करायचे, ते आठवून बघा. तुम्ही त्याचं वर्णन केलंत तर त्यात छडी येणार नाही. संध्याकाळी थांबवून गणित समजावलं, फी भरली, घरी येऊन वडिलांना भेटले, असलंच काहीतरी येईल. तुम्ही घडलात ते त्यानं. छडी सोबत होती म्हणून श्रेय तिला मिळालं. आणि त्याच छडीमुळं ज्यांनी शाळा सोडली ते या धाग्यावर लिहायला आलेलेच नाहीत. कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासही बंद केलाय, ते योग्यच आहे. हात लावता येत नाही म्हणून लक्ष देता येत नाही, हे मला पटत नाही.

जुना_विद्यार्थी

सर, फी भरली होती त्यांनी. आणि दहावीच्या परीक्षेला सेंटरवर केळी घेऊन उभे असायचे आमच्या सगळ्या पोरांसाठी. तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

राजारामपुरी_बारावी_गल्ली

बी.एड.ला शिकवते, म्हणून अभ्यासातल्या दोन गोष्टी मांडते. या चर्चेला त्या अगदी लागू पडतात.

अमेरिकेत रोझेंथल आणि जेकबसन या दोघांचा एक प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं की चाचणीवरून ही मुलं यंदा झपाट्यानं पुढं जातील असं दिसतंय. खरं तर ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती, सुमारे २० टक्के मुलं. वर्षाअखेर पहिली-दुसरीच्या वर्गांत त्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतली वाढ बाकीच्यांपेक्षा जास्त निघाली. या प्रयोगावर पुढं खूप टीका झाली, इतका मोठा परिणाम नंतरच्या अनेक अभ्यासांत सापडला नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते रॉडेनबुश या संशोधकांनी १९८४ साली केलेलं विश्लेषण. असे अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर त्यांना दिसलं की जे शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत होते, त्यांच्यावर असल्या खोट्या माहितीचा जवळजवळ परिणाम होत नव्हता. म्हणजे मुलाला स्वतः ओळखलं की बाहेरून चिकटवलेलं लेबल गळून पडतं. खोली नंबर सातचे दादा म्हणतात त्याचा उलगडा मला यात दिसतो. ओळख नसेल तिथं आडनाव, कपडे आणि बाक यावरून अंदाज बांधला जातो.

दुसरी गोष्ट मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंची. वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात हे त्यांनी ध्वनिफिती ऐकून मोजलं. साधारण एक सेकंद! तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. आणि त्यांना असंही आढळलं की हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबतात, बाकीच्यांसाठी कमी. शिक्षकाला हे करताना कळतही नाही. मी माझ्या विद्यार्थी-शिक्षकांचे पाठ बघायला जाते तेव्हा मागं बसून हेच बघते. प्रश्न विचारला, एक मुलगी तोंड उघडणार इतक्यात "सांग लवकर, नाही येत? बस. तू सांग." ती मुलगी पुन्हा त्या तासाला वर बघत नाही.

आपल्या कोल्हापुरातच लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मूल केंद्रस्थानी ठेवून मराठीतून आनंदानं शिकवता येतं हे त्यांनी इथं करून दाखवलं. वर्गात मुलाचं बोलणं पूर्ण ऐकून घेणं हे त्या पद्धतीत शिकवण्याइतकंच मोलाचं काम आहे.

पेठेतला

मॅडम, तीन सेकंदाचं आज पोराचा अभ्यास घेताना करून बघितलं. थांबायला लई जड जातंय, पण बोलला पोरगा.

कारखाना_साईट

आमच्या भागात ऊसतोडीला बीडकडच्या टोळ्या येतात. दिवाळीनंतर त्यांची पोरं आमच्या झेडपीच्या शाळेत चार-पाच महिन्यांसाठी बसतात. बहुतेक ठिकाणी ती पोरं मागं सतरंजीवर, पाहुण्यासारखी. आमच्या एका बाईंनी त्यांची नावं हजेरीत सगळ्यांच्या बरोबरीनं घातली आणि रोज पुकारली. कोयता बंद होऊन टोळी परत जायच्या आधी प्रत्येकाचं शिक्षण हमी कार्ड भरून आईच्या हातात दिलं, गावाकडच्या शाळेत दाखव म्हणून. दुसऱ्या हंगामाला त्यातली एक पोरगी बैलगाडीतनं उतरून सरळ शाळेत आली, आधी खोपीवर गेली नाही. "बाई, मी आले" म्हणाली.

आंबेवाडी_चिखली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात पंचगंगेचं पाणी शिरलं. आम्ही शहरात एका शाळेतच राहायला होतो, वर्गातल्या फळ्याखाली अंथरुण टाकून. परत आलो तर घरात चिखल, पोराची पुस्तकं फुगून दगड झालेली. शाळा सुरू झाली तेव्हा पोराला पाठवायला भीती वाटत होती, गणवेश नाही, बूट नाही. सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, दिवाळीपर्यंत या वर्गात कुणी गणवेशाचं विचारणार नाही, आणि ज्यांची घरं पाण्यात नव्हती त्यांनीही साध्या कपड्यात यायचं. सगळा वर्ग रंगीत कपड्यात. त्यामुळं पूरग्रस्त कोण नि बाकीचे कोण हे ओळखूच यायचं नाही. पहिले काही दिवस शिकवलंच नाही, पोरांना बोलू दिलं. माझा पोरगा घरात एक शब्द बोलत नव्हता. वर्गात त्यानं आमची म्हैस दावणीलाच राहिली ते सांगितलं. हे मला सरांकडून कळलं.

उद्यमनगरकर

सगळं दोन-दोनदा वाचलं. खोली नंबर सात, तुमचं लिहिणं बहिणीला वाचून दाखवलं, ती रडली.

पुढचं सांगतो. बहीण आणि मी शाळेत जाऊन बाईंना भेटलो. भांडायला गेलो नव्हतो. बाई अंशतः अनुदानित तुकडीवर आहेत, म्हणजे पगाराचा काही भागच सरकारकडून येतो, घरी सासू अंथरुणाला, वर्गात सत्तरच्या आसपास मुलं. सगळं ऐकून घेतलं. तरीही भाचीला जे झालं ते झालंच, आणि ते बाईंना स्पष्ट सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून तब्येतीचं विचारलं. पोरगी अजून सकाळी कुरकुरते, पण जाते.

आता शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. त्यात पालकांचं बहुमत असतं, कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात. बहीण त्यात आहे. बाईंवर तक्रार करायची नाही, पण पुन्हा कुठल्या पोराचं असं होऊ नये म्हणून काहीतरी ठरावात घ्यायचंय. खडूची पेटी सर, शिक्षकांवर आणखी एक रजिस्टर लादायचं नाही, मग काय मागावं?

खडूची_पेटी

रजिस्टर अजिबात नको. मी स्वतः करतो ते सांगतो. जूनमध्ये एका साध्या वहीत वर्गातली सगळी नावं लिहितो, प्रत्येकापुढं एक ओळ मोकळी. मुलाबद्दल अभ्यासाबाहेरचं काही कळलं की तिथं लिहायचं. आजीकडं राहतो. कबुतरं पाळलीत. बहिणीचं लग्न आहे. गणपतीपर्यंत कुठल्या ओळी कोऱ्या राहिल्या ते बघतो. त्या मुलांजवळ मधल्या सुट्टीत जाऊन बसतो, डबा खातो. दरवर्षी ओळी कोऱ्या राहतात त्या शांत मुलींच्याच जास्त. ही वही कुणाला दाखवायची नसते, म्हणून ती ठरावात घालू नका. सक्ती झाली की तिथंही खोटं लिहिलं जाईल.

बैठकीत दोनच गोष्टी मागा. पोरगं सलग ३ दिवस आलं नाही तर शाळेतून घरी फोन जावा, आणि तो कारकुनाचा नको, वर्गशिक्षकाचा हवा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि पोरगं परत येईल त्या दिवशी, वह्या मागायच्या आधी त्याला नावानं हाक मारून कसा आहेस विचारावं. बदल्यात पालकांनीही काहीतरी उचला. पोषण आहाराच्या नोंदी, पुस्तकं वाटप, सहलीचे पैसे गोळा करणं, यातलं जे नियमात बसतं ते समितीतल्या पालकांनी आळीपाळीनं करावं. बाईंचे आठवड्यातले दोन तास मोकळे झाले तर त्या मान वर करतील.

गारगोटी_रोड

दादा, ठरावात "वर्गशिक्षकाचा फोन" हे शब्द तसेच ठेवा. आणि बैठक झाली की इथं लिहा. आमच्या गावच्या शाळेतबी मांडायचंय.

उद्यमनगरकर

नक्की लिहितो ताई. बैठक शनिवारी दुपारी आहे.